सातपाटी बागेचे मोकळे बीळ

एका राज्यात राजवाड्याहून बाग मोठी होती. वाड्याला दरवाजे तीन, बागेला पाट सात. म्हणून तिचे नाव सातपाटी. पेरणीच्या आधी राज्यातल्या प्रत्येक घराने त्या बागेतून मूठभर बी न्यायचे, आपल्या बियाण्यात मिसळायचे, मगच शेतात तिफण घालायची. सातपाटीचे बी नसेल तर त्या राज्यात दाणा रुजत नसे. असे का, हे कोणी विचारत नसे.

त्या बागेत उंदीर होते, आणि उंदरांकडे पाहायला दोन माळी होते. सख्खे भाऊ. मोठा येसा, धाकटा धाकू. आईबाप लवकर गेलेले. धाकूला येसानेच वाढवले.

येसा कोणतीही नवी गोष्ट आधी स्वतः चाखायचा. रानातला कंद असो, अनोळखी फळ असो, नव्या विहिरीचे पाणी असो. चाखायचा, मनात शंभर मोजायचा, मग धाकूला द्यायचा. धाकूला शंभराचा धीर नव्हता. चाळिसाला त्याचा हात पुढे यायचा.

"दादा, अजून किती?"

"साठ राहिले. हात मागे."

"तू मेलास तर मला दिसेलच की."

"दिसलं की मग खाऊ नकोस. तेवढंच काम आहे तुला."

भाकरी दोघे एका ताटात खात. येसा करपलेल्या, कडक कडा मोडून स्वतः घ्यायचा आणि मधला मऊ पापुद्रा धाकूकडे सरकवायचा. "मला कडाच आवडतात," म्हणायचा. धाकूने ते खरे मानले होते.

वर्षातून एकदा बागेत धुरी देत. त्यासाठी राजाचा मांत्रिक दंडकेतू आपले न विझणारे मडके देत असे. त्यात शेणी, सुक्या मिरच्या आणि कडुलिंबाचा पाला घालायचा. बागेत बिळे एकशे एक. एका बिळाशी मडके लावायचे, नव्याण्णव बिळांची तोंडे मातीने लिंपायची, आणि भिंतीखालून रानात जाणारे एक बीळ मोकळे ठेवायचे. उंदीर खोकत खोकत तिथून रानात जात आणि पीक निघाले की आपला वाटा खायला परत येत. उंदीर मारायचे नाहीत, घालवायचे. सगळी बिळे बुजवायची नाहीत, एक ठेवायचे. हा सातपाटीचा कायदा होता, राजाहून जुना.

त्या वर्षी धाकूने येसासाठी कोपऱ्यात लपवून एक खरबूज वाढवले होते. धुरीच्या दिवशी सकाळी तो ते आणायला गेला. खरबूज जागेवर होते, पण हलके लागले. खालून एक भोक, आत काहीच नाही. नुसती साल.

धाकू रागाने लाल झाला. तो चिखलाची पाटी घेऊन धावला आणि मोकळे बीळ त्याने दोन्ही हातांनी लिंपून टाकले. वर पंजा दाबून ठोकले. पलीकडे येसाने मडके लावले होते. धूर आत शिरला. तो बाहेर यायला वाट उरली नाही.

जमिनीखाली आधी खोकला ऐकू आला. मग आक्रोश. मग जमीन दुभंगली आणि मूषकराणी वर आली.

ती मांजराएवढी होती. मिशा पांढऱ्या, डाव्या कानात सोन्याची मुदी. ती मुदी या राज्याच्या पहिल्या राजाची. इथे नुसता माळ होता तेव्हा उंदरांनी जमिनीच्या पोटातले सात रांजण बी त्याला दाखवले आणि त्याने मुदी देऊन शब्द दिला, की तुमचे एक बीळ कायम मोकळे राहील. ते रांजण अजून राणीच्या बैठकीखाली होते. तिच्या परवानगीवाचून त्यांना जो हात लावील तो जागच्या जागी वाळेल, असा त्यांच्यावर शाप होता.

"शेवटचं बीळ कोणी बुजवलं?" राणीने विचारले.

धाकूचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. त्याने तोंड उघडले. शब्द आला नाही.

येसाने त्या हातांकडे एकदा पाहिले. मग आपले हात पाटीत बुडवले आणि वर करून दाखवले.

"मी," तो म्हणाला.

"का?"

"राग आला."

"माझ्या लेकरांना वाट ठेवली नाहीस. तुलाही वाट नाही. त्यांच्यातलाच एक होऊन आत राहा."

येसाचे मुंडासे जमिनीवर पडले. त्याखालून एक करडा उंदीर निघाला आणि हजारांत मिसळला. धाकू "दादा, दादा" करत बिळामागून बिळाशी धावला. सगळे उंदीर करडे होते.

त्या दिवसापासून एका उंदराचे शंभर झाले. त्यांना बाहेरची वाट दिसेना, म्हणून ते आतच राहिले, आणि आत जे होते ते खात सुटले. आठ दिवसांत बाग उघडी पडली. डाळिंबांच्या साली सोललेल्या, चाफ्याची मुळे कुरतडलेली, बियांचे वाफे रिकामे. पेरणी महिन्यावर आली होती.

राजाने दरबार भरवला.

"ज्याने बीळ बुजवलं त्याचे दोन्ही हात मी मनगटातून तोडले असते," राजा म्हणाला. "तो उंदीर झाला आणि सुटला."

धाकूने हात पाठीमागे घेतले.

"महाराज," दंडकेतू म्हणाला, "मला तीन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडेल तेव्हा सातपाटीत एकही उंदीर जिवंत नसेल."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"दिले तीन दिवस," राजा म्हणाला.

धाकू घरी आला. घरात मुंडासे खुंटीला होते. चूल आठ दिवस थंड होती, पिठाचा डबा उंदरांनी रिकामा केला होता. सवयीने त्याने ताट घेतले आणि अंथरलेल्या घोंगडीच्या एका कडेला बसला, दुसरी कडा मोकळी सोडून. मग ताट परत ठेवले. भाऊ गेल्यावर घर केवढे मोठे होते, हे ज्याचा गेला त्यालाच कळते. भिंती तिथेच असतात, पण हात पोहोचत नाही.

कुंपणावर एक भारद्वाज बसला होता. तांबडे पंख, लाल डोळे. त्याला माणसासारखे बोलता येत असे. तो थोडे बोले, पण लागेल असे बोले.

"रडून झालं की सांग," भारद्वाज म्हणाला.

"झालं."

"नाही झालं. पण राणीकडे जायचं तर आज जा. तीन दिवस आहेत."

"ती माझं ऐकेल?"

"बोललास तर ऐकेल. त्या दिवशीही ऐकायला उभीच होती."

धाकू उठला.

"एक ध्यानात ठेव," भारद्वाज म्हणाला. "शाप खोट्या नावावर पडलाय. नाव खरं होत नाही तोवर उंदरांना वाट दिसणार नाही आणि तुझा भाऊ माणूस होणार नाही."

"राजा माझे हात तोडेल."

"तोडेल," भारद्वाज म्हणाला आणि पिसे साफ करू लागला.

धाकू धुरीच्या बिळाशी गेला. बीळ त्याच्यापुरते रुंद झाले. खाली राणी सात रांजणांवर बसली होती.

"काय पाहिजे?"

"माझा दादा."

"इथे दहा हजार आहेत. प्रत्येक जण कोणाचा तरी दादा आहे."

"मला माझा पाहिजे."

"मग तीन कामं कर. पहिलं, माझी शंभर बिळं उघड. लोखंड लावायचं नाही. उद्याचा सूर्य बुडायच्या आत."

नऊ दिवसांच्या उन्हात माती विटेसारखी झाली होती. धाकूने पहाटेच सुरुवात केली. एक. दोन. तीन. येसा मोजायचा तसे मोजत. दहाव्या बिळाला नखे गेली. विसाव्याला बोटे फुटली. तिकडे दंडकेतूचे चाकर विषाचा दाणा फेकत बागेतून फिरत होते.

"माळीदादा, उंदरांची घरं शाकारतोस होय?" एक ओरडला. "बारशालाही राहा आता!"

चाळिसाला धाकूचा हात आपोआप थांबला. आयुष्यात तो चाळिसाच्या पुढे कधी थांबला नव्हता. त्याने हात धोतराला पुसला आणि एक्केचाळीस म्हटले.

दुपारी त्याला विषाच्या दाण्याजवळ दोन मेलेले उंदीर दिसले. त्याने एकेकाला तळव्यावर घेऊन उन्हात धरले. पोट पाहिले, डोळे पाहिले. काही कळले नाही. कळले नाही हेच त्याला सहन झाले नाही. तो त्यांना हातात घेऊन तसाच ओरडत राहिला.

बाकीच्या उंदरांनी मात्र त्या दाण्याकडे पाठ फिरवली. उंदरांची ती रीत. नवे खाणे दिसले की एक जण पुढे होतो, चाखतो. बाकीचे लांब बसून त्याच्याकडे पाहतात. तो जगला तर जेवण, मेला तर निरोप. संध्याकाळपर्यंत दंडकेतूची चार पोती दाणा बागेत जसाच्या तसा पडून होता.

शंभरावे बीळ भिंतीखालचे. वाळलेल्या मातीत एक पंजा उमटला होता. धाकूने त्यात हात ठेवला. हात बरोबर बसला. तसाच त्याने तो ढकलला आणि माती आत पडली. सूर्य तेव्हा भिंतीला टेकला होता. बीळ उघडले, पण एकही उंदीर बाहेर गेला नाही. त्याच्यासमोरून ते नाक घासत जात आणि भिंतीवर आपटावे तसे उघड्या बिळावर आपटत.

"विषाने मेले ते दोघे?" त्याने खाली जाऊन राणीला विचारले.

"त्यांच्यात तो नव्हता. दुसरं काम. दंडकेतूचं मडकं मला आणून दे. ते फुटेल तेव्हाच माझी लेकरं मोकळा श्वास घेतील."

दुसऱ्या दिवशी धाकू दंडकेतूच्या दारात उभा राहिला. चोरी, मारामारी, पाया पडणे, तिन्हींची तयारी करून आला होता. काहीच लागले नाही. राणीने तीन कामे घातली आहेत, एवढे सांगताच काम झाले.

"मडकं? ने की," दंडकेतू म्हणाला. "आणि तिसरं काम कोणतं?"

"ठाऊक नाही. भाऊ ओळखायचा असेल."

"कसा ओळखशील?"

"भाकरी ठेवीन त्याच्यापुढे. तो कशी खातो ते मला माहीत आहे."

दंडकेतूने मनात हिशेब केला. त्याच्या दाण्याला उंदीर तोंड लावत नव्हते. पण माळ्याच्या हातची भाकरी एकाने खाल्ली असती तर उरलेली दहा हजारांत वाटली गेली असती, आणि त्या विषाला एक कण पुरत होता. मग सात रांजणांवर कोणी बसलेले नसते, आणि ते त्याचे झाले असते. त्यांच्यावरचा शाप त्याला ठाऊक नव्हता.

"घरात पीठ आहे?" त्याने विचारले.

"नाही."

"अरेरे. भावासाठी भाकरी, आणि पीठ नाही." त्याने आत जाऊन जोंधळ्याच्या पिठाची पुरचुंडी आणली. "घे, पोरा. गोड पीठ आहे."

धाकूने त्याचे पाय धरले.

मडके राणीने शेपटीच्या एका फटक्याने फोडले. नवखंड झाले, आणि विस्तव पहिल्यांदाच विझला.

"तिसरं काम," ती म्हणाली. "उद्या सूर्य बुडायच्या आधी माझं सगळं घर तुझ्यापुढे येईल. एकदाच बोट दाखव. चुकलास तर तूही आमच्यात."

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकूने अंगणात चूल मांडली. पीठ पाहून भारद्वाज कुंपणावरून उतरला.

"कोणी दिलं?"

"दंडकेतूने."

"चिमूटभर मुंग्यांना टाक. शंभर मोज. मी राजाला बागेत घेऊन येतो, त्याच्यासमोर व्हायला पाहिजे." आणि तो उडाला.

धाकूने चिमूट टाकली. मुंग्या जमल्या. एक, दोन, तीन. सावल्या लांबत होत्या. दहा, वीस. पीठ मळायचे होते, थापायचे होते, भाजायचे होते. तीस. मुंग्या पिठाचे कण उचलून नीट चालत होत्या. चाळीस.

तो उठला आणि पीठ मळायला घरात गेला.

साठाच्या आसपास पहिली मुंगी उलटी झाली. मग सगळी रांग. ते पाहायला अंगणात कोणी नव्हते.

बागेच्या बांधावर राजा उभा होता, मागे दरबार, आणि सर्वांच्या मागे दंडकेतू. वाफ्यांत, पाटांत, उघड्या मुळांवर दहा हजार उंदीर बसले होते. हूं की चूं नाही. सूर्य भिंतीच्या एक हात वर होता. धाकूने भाकरी जमिनीवर ठेवली आणि समोर उकिडवा बसला.

कोणी हलले नाही.

मग एक पुढे आला. रोडका, एक कान फाटलेला. त्याने धाकूचे फुटलेले हात हुंगले, प्रत्येक बोट हुंगले. मग भाकरीची कड धरली. कुरतडत कुरतडत तो भाकरीभोवती गोल फिरला. करपलेली कड तेवढी खाल्ली. मधला पापुद्रा शिवला नाही. आणि मग तिथेच पाठ करून बसला.

धाकूने ओळखले. तरी तो गप्प राहिला, कारण बोट एकदाच दाखवायचे होते. कडा खाणारा दुसराही एखादा असेल. त्याने मोजायला सुरुवात केली. वीस. तीस. उंदराला एक हिसका बसला. दुसरे उंदीर जवळ सरकले, तसे त्याने दात विचकून त्यांना मागे हटवले. चाळीस.

आणि चाळिसाला धाकूचा हात पुढे गेला. त्याला कळलेही नाही. लहानपणापासून जात आला होता, तसा मधल्या पापुद्र्याकडे गेला.

उंदीर कडकडून त्याच्या बोटाला चावला.

"हा!" धाकू ओरडला. "हा माझा दादा!"

"ओळख पटली," राणी म्हणाली. "पण वाट अजून दिसत नाही."

सूर्य भिंतीला टेकला. धाकू उठला. राजाकडे वळून त्याने दोन्ही हात पुढे केले.

"महाराज, मोकळं बीळ मी बुजवलं. या हातांनी. खरबुजाच्या रागानं. दादा तिथं नव्हताच. राणीनं विचारलं तेव्हा मी भ्यालो, आणि त्यानं आपलं नाव सांगितलं. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी बोललो नाही."

भाकरीशेजारी येसा बसला होता. माणूस. ओठ निळे, कपाळावर घाम. त्याने आधी उरलेली भाकरी गुडघ्याखाली दाबली.

"मधलं खाऊ नकोस," तो म्हणाला. "पीठ बाधलंय."

"दादा!"

"कोणाला खाऊ देऊ नकोस. सगळे जातील." त्याने धाकूच्या कुशीत डोके टेकले. "किती मोजलेस?"

"चाळीस."

येसा हसला. "साठ राहिलेच की रे."

"आता मोजतो. दादा, आता पुरे मोजतो. एक, दोन..."

शंभराला तो पोहोचला. येसा त्याच्या आधी केव्हातरी थांबला होता.

तेव्हा उंदरांना वाट दिसली. ते एकामागून एक निघाले. येसाजवळून जाताना प्रत्येक जण क्षणभर थांबला, नाक टेकवले आणि मोकळ्या बिळातून रानात गेला. दहा हजार गेले. राणी शेवटी राहिली.

सगळ्यांच्या नजरा तिकडे होत्या, तेव्हा दंडकेतू धुरीच्या बिळात उतरला होता. राणीची बैठक रिकामी दिसली. त्याने रांजणात कोपरापर्यंत हात घातला. हात वाळला, मग खांदा, मग मान. तो तिथेच पेंढ्याचा झाला. लोकांनी त्याला बाहेर काढून वाफ्यात उभे केले. अजून उभा आहे. चिमण्या त्याला भीत नाहीत.

राजा बांधावरून खाली आला.

"हात," तो म्हणाला.

धाकूने हात दिले. राजाने ते उलटेसुलटे करून पाहिले. एकाही बोटाला नख नव्हते.

"मी वचन मोडत नाही," राजा म्हणाला. "हे हात माझे झाले. पण ते तुझ्याच मनगटाला राहतील. आता धुरी साध्या मडक्यात होईल, आणि दरवर्षी त्या दिवशी हे हात मोकळ्या बिळाशी पहारा करतील. ते पुन्हा कोणी बुजवू नये म्हणून."

राणीने कानातली मुदी काढून राजापुढे ठेवली. राजाने ती उचलून, वाकून, पुन्हा तिच्या कानात घातली. मग तिने रांजण उघडले. पेरणीच्या दिवशी राज्यातल्या प्रत्येक घराला मूठभर बी मिळाले आणि दाणा रुजला.

येसाला भिंतीपलीकडे रानात, मोकळ्या बिळासमोर अग्नी दिला.

धाकू आता सातपाटीचा मोठा माळी आहे. नवे फळ तो आधी स्वतः चाखतो, शंभर मोजतो, मगच दुसऱ्याला देतो. कोणी घाई केली तर म्हणतो, "हात मागे." रोज एक भाकरी भाजतो. मधला पापुद्रा मोकळ्या बिळाशी ठेवतो आणि कडा स्वतः खातो.

पहिल्या दिवशी त्याने कड तोंडात घातली तेव्हा ती करपट लागली, कडू लागली, हिरडीला टोचली. ती कोणालाही आवडण्यासारखी नव्हती. तो तिथेच बांधावर बसून राहिला आणि ती संपेपर्यंत चावत राहिला.

ही सातपाटीची गोष्ट इथे पुरी झाली. ऐकणाऱ्यांच्या बिळाला वाट असो, ताटात भाकरी असो, आणि तिच्या कडा खाणारे माणूस घरात असेतो त्याला ओळखण्याची बुद्धी असो.